दोन डोळे

प्रिओरातमध्ये माती अशी नसतेच.
असते पाटी. शाळेत हातात धरायची तीच काळी पाटी,
डोंगरभर फुटून सांडलेली.
पावलाखाली खणखणते,
आणि सप्टेंबरात रात्री दहापर्यंत गरम राहते,
उतरवून ठेवलेल्या तव्यासारखी.

कुदळ इथे टिकत नाही.
आजोबा पहारेनं भोक पाडायचे,
भोकात काडी, काडीभोवती ओंजळभर चुरा,
वरून शिव्या.
आई म्हणते, कारिन्येना शिव्यांवर पोसली गेली.
दगडाला पाझर वगैरे काही फुटला नाही.
दगड फुटला आणि मूळ आत गेलं, एवढंच.

एका वेलीला अर्धा किलो घड,
तीन वेली मिळून एक बाटली.
रानडुकरं आली तर पाच.

चाळीस वर्षं आमची वाइन टँकरनं गेली
उत्तरेकडच्या फिक्या वाइनला रंग चढवायला.
नाव त्यांचं, रंग आमचा.
पाइप सुटला की त्याचं तोंड
आई एप्रनला पुसायची,
म्हणायची, चला, लेक नांदायला गेली,
आता पत्र यायचं नाही.

ओनोफ्रेमामा एका ऑक्टोबरात
मेणबत्ती न घेता तळघरात उतरला.
रस आंबत होता.
आता भिंतीवर मीटर आहे, हवा बिघडली की ओरडतो.
आई तरीही मेणबत्ती पुढे धरते,
ज्योत दिसत नाही तिला,
गालाला लागते का ते बघते.

मी एकोणीस वर्षं रेउसच्या औषधाच्या दुकानात
गोळ्या मोजल्या, आणि परत आले.
जानेवारी, बोचरा वारा, छाटणी.
"दोन डोळे ठेव, केराल्त. बाकी काप."
मला दया आली, की हाव सुटली,
एका फांदीवर मी तीन ठेवले.
आईनं बोट फिरवलं, थांबली,
कात्री माझ्या हातातून घेतली.
"तिसऱ्या डोळ्यानं काय बघायचंय तुला?"
कच्.
तिच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत
तेव्हा दूध साचलेलं होतं.

मग झ्युरिकचा गृहस्थ आला, स्वच्छ बुटांचा.
माझा भाऊ एउदाल्द त्याच्या मागे मागे, आकडा पाठ केलेला.
गृहस्थानं पेला फिरवला, हुंगला,
म्हणाला चेरी, म्हणाला चामडं, म्हणाला पेन्सिलीचं शिसं.
आई ऐकत राहिली,
शेजारीण आपल्या पोराचं कौतुक करते तेव्हा ऐकावं, तशी.
मग विचारलं,
"वरच्या तालीची भिंत पावसात बसते. कोण रचणार?"
"माणसं आहेत," तो म्हणाला.
"नावं काय त्यांची?"

एउदाल्द बाहेर जाऊन सिगारेट ओढत बसला.
पेल्यात उरलेली आईनं पिऊन टाकली.
"महाग आहे म्हणतात. सांडायला नको."

सहाशे बारा बाटल्या भरल्या या वर्षी.
फाल्सेतच्या छापखान्यातून तीनदा फोन आला,
लेबलवर नाव काय घालू?
आई म्हणते, घाईनं ठेवलेलं नाव
पोराला आयुष्यभर चावतं.
तोवर मी काचेवर खडूनं
ताल आणि रांग लिहून ठेवलीय,
सात-तीन, सात-चार, नऊ-एक.
रात्री ती तळघरात येते,
एकेक बाटली हातात घेते,
बोटानं वाचते,
आणि वाचता वाचता पुसते.