पाचर

पियानोत एका सुराला तीन तारा असतात.
तिन्ही एकदम वाजू दिल्या तर कान फसतो.
म्हणून दोघींना नमद्याची पाचर लावून गप्प करायचं
आणि उरलेल्या एकीचं तेवढं ऐकायचं.
पाचर मारली की काम अडतं, म्हणतात लोक.
माझं पाचरीवाचून अडतं,
गेली एकतीस वर्षं.

काल रात्री हेल्वेला हेच समजावत होतो.
बटाटे सोलता सोलता ती म्हणाली,
"मग उद्या तळ्यात कुठे ठोकणार आहेस, काल्यू?"

सकाळचे आठ. पुहायार्व. पाणी सोळा अंश.
काठावर दोनशे सत्तर माणसं काळ्या रबरी पोशाखात,
सगळी सारखीच, ओल्या पाणकावळ्यांसारखी.
भोंगा झाला आणि कुणाची तरी टाच
माझ्या चष्म्यावर.
डाव्या डोळ्यात तळं शिरलं,
त्याच फटीतून बाकीचंही शिरलं:
वोरूच्या शाळेतला म्हातारा पियानो,
ज्याच्या खुंटीचा कान कितीही पिळा, तासाभरात ढिली,
विजेचं बिल, मागचा झिजलेला टायर,
अजून चाळीस किलोमीटर सायकल,
आणि नंतर दहा धावायचं, या गुडघ्यांवर.
तिन्ही तारा एकदम.
वाँव वाँव वाँव.

थांब.
सायकल दाब. धावणं दाब.
फक्त उजवा हात. तो पाण्यात कुठे शिरतो ते.
पुन्हा उजवा हात.
दलदलीनं चहासारखं झालेलं पाणी,
त्यात हात गेला की तांब्याचा दिसतो.
तांब्याचा हात.
तांब्याचा हात.
किती वेळ, माहीत नाही.

ओतेपाच्या चढांवर मन कुठे जात नाही,
त्याला ते परवडत नाही.
उतारावर मात्र उंडारतं.
कापलेल्या राईच्या शेतात करकोचे जमलेले,
जायच्या तयारीत,
आणि मी मनातल्या मनात
हेल्वेला सगळं सांगायला बसलो होतो:
ती टाच, तो तांब्याचा हात, शब्द निवडून निवडून,
कुठे थांबायचं, ती कुठे हसेल, तेही ठरवून.
सांगता सांगता वळण चुकलं.
मागे झेंडेवाली पोरगी ओरडत राहिली,
मी थेट कुणाच्या तरी अंगणात.
बादल्या धूत बसलेल्या बाईनं मान वर केली,
काही विचारलं नाही,
नुसतं बोट दाखवलं. मागे.

दुखणं एक वेळ सोसवतं.
गोष्ट होत असतानाच ती सांगायची घाई,
ती तार सगळ्यात मोठ्यानं वाजते.

धावताना सहाव्या किलोमीटरला
पोटरीत गाठ आली.
पुढे एक बाई होती, पोटरीवर शाईनं वय लिहिलेलं: अडुसष्ट.
तिची डावी टाच जरा जड पडायची.
टप, टाप. टप, टाप.
माझी पावलं तिच्या पावलांच्या केसभर मागे,
आणि त्या केसभर फटीत
तेच ओळखीचं वाँव.
हे काम मला येतं.
पाऊल आखडलं, थोडं सोडलं, परत आखडलं.
वाँव लांबलं.
आणखी लांबलं.
मग दोन माणसांचा मिळून एकच आवाज,
खडीवर,
देवदारांच्या सावलीत आत, बाहेर, आत.

शेवटच्या वळणावर ती न सांगता सुटली.
अडुसष्टची बाई, हरणासारखी गेली.
मी राहिलो माझ्या एका तारेवर.

हेल्वे थर्मास घेऊन उभी होती.
"कितवा आलास?"
माहीत नव्हतं.
"डोळा केवढा लाल झालाय. काय झालं, सांग तरी."
कॉफी गरम होती. मी ती प्यायलो.
"वळण चुकलो," म्हणालो.
तिनं थोडा वेळ वाट पाहिली,
मग टॉवेल माझ्या मानेवर टाकला.

सोमवारी वोरूला जायचंय.
ती खुंटी काही धरायची नाही.
पाचर खिशातच आहे.