सतराशे ऐंशी

मंगळवार पेठेत शटर अर्धंच वर गेलंय,
आणि राजम्मा गुंडेटी काचेवर ठेवते
तेंदूच्या पानात गुंडाळलेली एक परदेशी राणी.
"आजसासरे एडनला हमाल होते. त्यांची."

काट्यावर अठ्ठावीस ग्रॅम, वर केसाएवढं.
भिंगाखाली आधी कड फिरवतो मी:
अक्षरं खणखणीत, ओतीव नकलेसारखी विरघळलेली नाहीत.
मग खांद्यावरच्या पिनेचे मोती,
उलटून गरुडाच्या शेपटीची पिसं.
साल कुणीही वाचेल.
राणी त्याच साली गेली. साल तिथंच राहिलं,
व्हिएन्नात, लंडनमध्ये, आपल्या मुंबईच्या टांकसाळीतसुद्धा
तीच तारीख,
चांदी तेवढी नवी.

"तेव्हाचं नाही हे. मागाहून पाडलेलं.
वर कडीचा डाख. चांदीचाच भाव बसेल,
तीही सोळा आण्यांत सव्वातेरा."

"खोटं म्हणलालाव का ओ?"

"खोटं नाही."

"मग? आमचे मालक चादरीत मोर काढायचे.
पत्ते त्यांच्या बापाच्या वेळचे,
भोकांच्या कडा मऊ पडलेल्या.
मोर दर आठवड्याला नवा.
बारशात चादर दिली, तर एकानं इचारलं नाही
ह्यो मोर कुठल्या सालचा."

तीस वर्षं ह्या गादीवर बसतो मी.
नाणं जुनं नाही म्हटल्यावर
लोक एकतर भांडतात, नाहीतर गप्प होतात.

"इकायची नाही मला. वजन लिहून द्या नुसतं,
दोघी सुना हायेत."

पावतीत सालाचा रकाना असतो.
पेन तिथं टेकवलं,
उचललं.