साखळीचा ग्लास

एका लिंबाच्या फोडीचे अठरा हजार गेले होते.
रसवंतीच्या बॅनरवर मीच लावली होती ती,
शोधल्यावर पहिलीच आली म्हणून.
सात महिन्यांनी नोटीस आली. फोडीला मालक होता.
खैरनार सरांनी पगारातून तीन हप्त्यांत कापले,
ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले,
"नेटवर पडलंय म्हणजे रस्त्यावर पडलंय असं नसतं, हेमलता.
आणि रस्त्यावर पडलेलंही
कुणाचं तरी असतंच."

तेव्हापासून मी बारीक अक्षरं वाचते.
धंद्याला चालेल का.
कापलं, रंग बदलला, तर चालेल का.
नाव द्यायचं का, आणि दिलं तर कुठं.
रविवार कारंज्याजवळ लहानपणी एक पाणपोई होती,
पाणी फुकट,
ग्लास मात्र साखळीला बांधलेला.
साखळी पुरेल तितकंच लांब उभं राहायचं
आणि मान वाकवून प्यायचं.
परवाना म्हणजे काय ते मला
कुणी वेगळं समजावावं लागलं नाही.

या आठवड्यात काम हंड्याचं.
'तांब्याचं भांडं' टाकलं: मोफत, व्यापारास मुभा.
नऊशे बारा चित्रं.
सगळ्यांत बर्फ, पुदिना,
आणि कडेला खोचलेली लिंबाची फोड.
(मी दचकलेच.)
'गोदावरी' टाकलं, तर काशीचा घाट.
मला फसवता येत नाही तिथं,
रामकुंडावर पोहायला शिकले मी,
ज्या पायरीवर पाठ आपटली
ती माणूस विसरत नाही.
'नाशिक': द्राक्षं. द्राक्षं. वाइनचा ग्लास. द्राक्षं.
'कारागीर': फेटा राजस्थानी, मिशा राजस्थानी,
ऊनसुद्धा तिकडचंच.

साडेचारला मशीन बंद केलं
आणि मोबाइल घेऊन तांबट आळीत गेले.
तिथं पत्ता विचारावा लागत नाही, कानांनी सापडतो.
दिनानाथ तांबट, मांडीत हंडा,
एक ठोका, हंडा बोटभर फिरवायचा, एक ठोका.
चाळीस फोटो काढले. चेहरा नको म्हणाले, घेतला नाही.
फक्त हात.
अंगठ्याचं नख काळं, कधीतरी हातोडी चुकलेली.

मग सांगितलं, यातला एक मी सगळ्यांना देणार आहे.
कुणीही घ्यावा, कशालाही लावावा, पैसा नाही.
ठोका थांबला.
"फोटो तुझा. दे की.
पण हात?"

ती ओळ मी शंभरदा वाचली होती
आणि शंभरदा खाली सरकवली होती:
चित्रातल्या व्यक्तीची संमती वेगळी घ्यावी.
मी फळीवर बसले. चहा आला.
काका बराच वेळ बशीकडे बघत राहिले.
"नाव टाक," म्हणाले.
"घाटावर एका पायरीवर आमच्या आजोबांचं आहे,
अर्धं झिजलंय, लोक पाय देऊन जातात.
जाऊ देत. पायरी त्यासाठीच असते.
पण कोरलंय."

कागद ऐरणीवर ठेवून सही केली त्यांनी,
पेनाचं टोक मधे एका खड्ड्यात गेलं,
'दिनानाथ'मधल्या 'ना'ला भोक पडलं.
तो कागद जपून ठेवलाय मी.

चार महिन्यांनी तो फोटो मला भेटला,
कुठल्याशा हॉटेलच्या पानावर,
दोन्ही बाजूंनी कापलेला, उगाच पिवळा केलेला.
अटीत बसत होतं सगळं.
खाली नाव, अक्षरन् अक्षर बरोबर.
आणि नावापुढं गाव: मोरोक्को.

मी तशीच आळीत पळाले.
काकांनी चष्मा लावला,
स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं, आधी पडद्यावरच्या,
मग हाताच्या.
रागावतील वाटलं.

"तिकडं," ते म्हणाले,
"तांब्याला भाव काय आहे गं?"