गजन पिन

माझ्या काउंटरवर एक लांबट वही आहे, कडांना तेल प्यालेली.
गिऱ्हाईक जे म्हणेल तेच नाव मी तिच्यात लिहिते,
त्यामुळे एकेका वस्तूला कधी तीन तीन पानं
आणि मागच्या फळीवर डबा एकच.

दारव्हा. डेपोच्या मागची गल्ली.
गुणवंत ढोक एसटीच्या वर्कशॉपात बावीस वर्षं होते:
पुस्तकातलं नाव, मग पार्ट नंबर, मग हात लावायचा.
बाबाराव तायडे नागपुरात एका सरदारजीच्या हाताखाली
तेराव्या वर्षापासून पाने पुसत शिकले.
त्यांची नावं तोंडातोंडातून आलेली,
नदीतल्या गोट्यांसारखी गोल.

दोघांनी भागीत जीप घेतली,
पांढरकवड्याला, जंगल खात्याच्या लिलावात.
बासष्टची. छत नाही.
सीटखाली मोहाची वाळलेली फुलं निघाली मूठभर.
हौस, दुसरं काही कारण नाही.

"थो डिलको काढ आंधी."
"डिलको कंपनी झाली. पार्टाला डिस्ट्रिब्युटर म्हणतात."
"मंग तुह्या घरी वनस्पती तुपाले काय म्हन्तेत?"
गुणवंतजी गप्प.
त्यांच्या घरी डालडा म्हणतात, मी जेवले आहे तिथे.

एकाने सोमवारी डिलको मागवला,
दुसऱ्याने बुधवारी डिस्ट्रिब्युटर.
मी दोन्ही लिहून घेतले, दोन बिलं फाडली.
नागपूरच्या गाडीने दोन खोकी आली,
जुळ्या भावांसारखी.
मला ठाऊक होतं का? होतं.
दिवाळी तोंडावर होती.

पण खरं भांडण पिस्टनच्या पोटातल्या त्या नळीचं.
बोटाएवढी, चकचकीत, आतून पोकळ.
बाबाराव ती बसवण्याआधी कपाळाला लावायचे.
"गजन पिन. गजाननाचं नाव हाये त्यात."
"इंग्रजी शब्द आहे हो तो! नीट पिस्टन पिन म्हणा."
"इंग्रजाले का शेगाव माईत नवतं?"
आयटीआयचा प्रज्वल मोबाईल बघत म्हणाला,
अमेरिकेत रिस्ट पिन म्हणतात, रिस्ट म्हणजे मनगट.
दोघं एकदम वळले.
"तू चहा आण बे."
तेवढ्यापुरता समेट.

माघात जीप सुरू झाली.
अख्खी गल्ली निळ्या धुरात,
समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्याने पट्टा थांबवला.
आतून बारीक टक टक येत होती.
"टॅपेट," बाबाराव म्हणाले.
"व्हॉल्व्ह क्लिअरन्स," गुणवंतजी.
एकच गोष्ट. त्यावर अर्धा तास.
आणि दोघंही चुकले होते,
ते कळायला लाडखेडचा रस्ता लागला.

रात्री साडेदहाला फोन आला.
ट्रॅक्टरने ओढत नेऊन कुणाच्या तरी गोठ्यात
इंजिन पुन्हा उघडलं होतं म्हणे.
आवाज तुटत होता, मागे बैलांच्या गळ्यातल्या घंटा,
कोण बोलतंय तेही समजेना.
"कुंदाबाई, सकाळच्या गाडीनं पाठवजा… न पिन."
"काय?"
"…न पिन! …न पिन!"
मग रेंज गेली.

मी उठले. दुकान उघडलं, बल्ब लावला.
पहिलं अक्षर लाडखेड ते दारव्हा
कुठल्या तरी पऱ्हाटीत पडलं होतं.
फळीवरचा डबा काढला, नळी फडक्यात गुंडाळली,
पहिल्या गाडीच्या कंडक्टरसाठी दोरा बांधला.

वहीत तारीख घातली.
पेन दोनदा वर धरलं.
मग ऐकलं तसं लिहिलं:
न पिन, नग एक.
उधार.