चौकटी कंस

दोनापावलाच्या हॉटेलात तीन दिवस
अकरा देशांनी एक मसुदा उलगडून ठेवला होता.
ज्या शब्दावर एकमत नाही
त्याला चौकटी कंसात घालायचं, असा नियम.
माझं काम मराठीचं. कंसासकट.

पहिल्याच दिवशी आत गेले
[पुरेशी] जागा, [दर चार तासांनी] पाणी,
[पंख पसरता येतील एवढा] पिंजरा.
जेवणाच्या सुट्टीआधी [वेदना]सुद्धा,
एका देशाच्या मते तिची व्याख्या व्हायची होती.
चहाबरोबर चिकन पॅटीस होते.
मीही दोन खाल्ले.

'अनावश्यक यातना'पाशी अडले.
इंग्रजीत ते वाक्य खाली मान घालून चालत होतं.
मराठीत आलं आणि वळून विचारू लागलं,
मग आवश्यक ती कुठली?
अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं.

रात्री केरीच्या नाक्यावर गेले,
पशुसंवर्धन खात्याच्या सगुण वेळिपांबरोबर.
चोर्ला घाट उतरून टेंपो येत होते,
तापलेल्या ब्रेकांचा वास
आणि त्याच्याखाली दुसरा एक वास.
एकावर एक नऊ क्रेट.
सगळ्यात खालच्यांवर वरच्या आठांचं सगळं.

सगुणकडे मसुदा नव्हता, वीत होती.
झाकणावर पंजा ताणून टेकवत गेले,
चार विती लांब, अडीच रुंद,
उंची
वाकवलेल्या मानेएवढी.
"बाय, हातूंत चवदा आसात."

ड्रायव्हर मुनाफ, बेळगावचा, बिडी न पेटवता म्हणाला,
"बारा भरल्या तर डिझेल सुटत नाही, साहेब.
सगळ्यांना बारा करा, मीपण बारा करतो.
मला एकट्याला सांगू नका."

अकरा देश तीन दिवस
हेच तर म्हणत होते,
टाय लावून.

सगुणने पावती फाडली. मग, पावतीत नसलेलं,
खालचं झाकण उचलून
बिसलेरीची अर्धी बाटली ताटलीत ओतली.
एक कोंबडी प्यायली.
दर घोटाला चोच वर,
आभाळाला काही सांगितल्यासारखी,
पण तसं नसतं. तिला घोट तसाच उतरतो.

शेवटच्या दिवशी पाच वीसला
पाणी सुटलं. थायलंडची बाई हळूच हसली.
[पुरेशी] आतच राहिली, पुढच्या वर्षापर्यंत,
दुसऱ्या कुठल्या तरी समुद्राकाठी.

डिलीटची कळ दोनदा दाबावी लागते,
उघडणाऱ्या कंसासाठी एकदा,
मिटणाऱ्यासाठी एकदा.
बोटांना अजून केरीचा वास होता.