पहिलं वाक्य

साठ खुर्च्या मांडल्या मी. आले अकरा जण.
नेरिस बाई म्हणाल्या, असू दे, अकरा तर अकरा.
चहा मात्र साठ जणांचा होता,
तो रात्री मी मोरीत ओतला.

मी या शाळेचा शिपाई. वेल्सच्या उत्तरेला
पाटीच्या दगडाच्या खाणी बंद पडल्या, ते आमचं गाव.
कमरेला त्रेचाळीस चाव्या,
कुठली कुठल्या दाराची, अंधारातही सांगेन.
म्हणून असेल, बाई पासवर्डवर बोलत होत्या तोवर
मला सगळं कळत होतं.
मग त्या म्हणाल्या, कुलपाची गोष्ट इथं संपली.
हा चोर दार फोडत नाही.
तो महिनाभर गोड बोलतो, मुलांच्याच वयाचा होऊन,
आणि कडी आतून निघते.

कुणीतरी खोकलं.

बाईंनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे ओढला.
दुपारी नववीच्या वर्गाला विचारलं होतं :
उद्या कुणी गोडीनं तुमचा फोटो मागून घेतला
आणि परवा त्याच फोटोचे पैसे मागू लागला,
तर कुठल्या मोठ्या माणसाला सांगाल?
त्याचं नाव लिहा, स्वतःचं नको.
अठ्ठावीस चिठ्ठ्या.
वाचणार नाही, बाई म्हणाल्या, नुसत्या मोजून सांगते.
आई, नऊ.
आजी, मावशी, मोठी बहीण, सगळ्या मिळून सात.
बाप, दोन.
कोऱ्या, नऊ.
आणि एकीवर कुत्र्याचं नाव आहे.

हसू फुटलं नि जागच्या जागी विझलं.
आमच्याकडे माणसं थोडी, मेंढ्या फार,
कुत्रा नाही असं घर शोधून दाखवा.
अकराही जण, पायाशी आपापला कुत्रा बसल्यासारखे,
खाली बघत राहिले.

मग फळ्यावर बाईंचं गोल अक्षर :
‘सांगितलंस ते बरं केलंस.’
हे पहिलं वाक्य. प्रश्न नंतर, पोलीस नंतर.
पैसे भरू नका, आलेले मेसेज पुसू नका,
आणि फोन हिसकावलात
तर पुढची चिठ्ठी कोरीच येणार.

सगळे गेले. इद्वल राहिला.
दुधाचा टँकर चालवतो, पहाटे तीनला घर सोडतो,
लेक उठते तेव्हा हा दोन डोंगर पलीकडे.
बाईंना म्हणाला, कुठला कुत्रा?
ते मी सांगणार नाही, बाई म्हणाल्या.
बरोबर आहे, म्हणाला, आणि उठला नाही.

थोड्या वेळानं मला म्हणाला, तू जरा मुलगी हो.

मी एकसष्ट वर्षांचा, मिशीवाला, हातात झाडू.
झालो.
“बाबा, माझा एक फोटो गेलाय.”
“कुठला फोटो?”
मी झाडू आपटला. चूक. परत.
“बाबा, माझा एक फोटो गेलाय.”
“कोण तो? नाव सांग, मी त्याला –”
परत.
तिसऱ्या वेळी माझा आवाज का कापला, ठाऊक नाही.
इद्वलनं फळ्याकडे बघितलंच नाही.
शेजारची खुर्ची पायानं ओढली
आणि म्हणाला, “बस.”

हे फळ्यावर नव्हतं.
बाई दारात उभ्या होत्या,
कोटाची एक बाही घातलेली, एक लोंबती.

खुर्च्या रचल्या. चाकांचा फळा ढकलत
नववीच्या वर्गात नेऊन ठेवला.
पुसायचं काम माझंच; पुसला,
ते एक वाक्य तेवढं सोडलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत डोकावलो, तर
खाली खडूनं, अगदी बारीक,
बाकावरून वाचताही येऊ नये अशा अक्षरात
कुणीतरी लिहिलं होतं :
‘खरंच?’