भांगाचा रविवार

तारीख आधी समुद्राला विचारली.
उधाणात डोली लागतात, थेरोंड्याचं कुणी फिरकणार नाही,
म्हणून अष्टमीनंतरचा रविवार धरला, भांगाचा.
जिल्हा संघाला ते पटेना:
कबड्डीच्या प्रशिक्षकांचं शिबिर, त्यात पंचांग कसलं?
मी म्हटलं, साहेब, आमचे निम्मे प्रशिक्षक नाखवे आहेत.

मग वही.
त्रेचाळीस नावं : नागाव, आक्षी, चौल, साळाव, काशीद.
माणशी शंभर रुपये, चहा दोनदा,
दुपारी वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या.
ज्यांचे आले नाहीत त्यांच्यापुढे एक बारीक टिंब.
ती टिंबं मी अजून पुसलेली नाहीत.

हॉल शाळेचा. मुख्याध्यापकांची एकच अट,
बाक आपणच हलवायचे
आणि सोमवारी सातच्या आत जागच्या जागी.

पुण्याहून बापट मॅडम आल्या
पहाटेच्या एसटीने, पाठीवर सॅक,
हातात रबरी पट्ट्यांची पिशवी.
पडद्यावर पहिलं चित्र उमटलं, सराव आणि विश्रांती,
आणि दहा चाळीसला वीज गेली.
मी महावितरणला फोन लावत राहिले.
त्यांनी लॅपटॉप मिटला, विचारलं, फक्की आहे?

मैदानावर त्यांनी गुडघा काढला.
खाटेएवढा.
मांडीचं हाड, नडगीचं हाड, मधे वाटी,
आत फुलीसारखे दोन बंध.
त्रेचाळीसातले एकेचाळीस जण भोवती उभे,
विहिरीत काही पडल्यावर उभे राहतात तसे.

चढाईत पाय वळतो तो इथे.
पकडीत मागून खेचलं की तुटतं ते हे.
आधी पोराला उडी मारून खाली यायला शिकवा,
मग बोनस.
पुळणीत धावणं चांगलं, पण रोज नको.
आणि खाणं : अंडी, डाळ, प्रथिनं.
काशीदचा दामा चोगले म्हणाला, "जवला चालंल काय, सुका?"
चालेल, म्हणाल्या, मीठ कमी असेल तर.
दामा म्हणाला, "मंग तो जवला कसला?"
सगळे हसले. हिराजी थळे हसले नाहीत.

हिराजी म्हणजे एकवीस वर्षं संघ,
चार ढाली, मैदानाला स्वतःची जमीन.
फक्कीच्या कडेला उभे होते,
टाच रेषेवर पडणार नाही असे.
म्हणाले, "आवाज आला व्हता. काडी मोडल्यासारा.
उपांत्य सामना. मी पट्टी गुंडाललीन नि पाठवला.
तीन वरसा झाली.
आता काय व्हईल का त्याचा?"

शेजारच्या वाडीत सुपारी पडल्याचं ऐकू आलं.

मॅडम लगेच बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, आधी तपासावं लागेल.
पूर्वीसारखा होईल असं सांगत नाही.
मांडी बळकट करता येते. घेऊन या.
"बोटीवर जातंय," हिराजी म्हणाले,
"जाला वरताना एकाच पायावर रेतंय."
पुढे काही बोलले नाहीत.
जेवणाची हाक आली तेव्हा बरं वाटलं मला,
हे कबूल करते.

अहवाल रात्री लिहिला.
उपस्थिती एकेचाळीस. शिल्लक दोनशे दहा रुपये, वजा टिंबं.
प्रश्नोत्तरांच्या रकान्यात लिहिलं : समाधानकारक.
खोडलं. पुन्हा तेच लिहिलं.
दुसरा शब्द त्या रकान्यात मावत नव्हता.

बाक लावायला चौघं थांबणार होते, थांबले हिराजी.
एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मी.
कंबरेतून वाकले, तेव्हा मी म्हटलं,
गुडघ्यातून, हिराजीभाऊ. सकाळीच शिकलो ना.
ते थांबले. सावकाश बसले,
शिकाऊ पोरासारखे, पाठ ताठ ठेवून,
आणि उचलला.
अडतीस बाक. प्रत्येक तसाच.

फक्की झाडायची राहिली.
सोमवारी प्रार्थनेला मुलं रांगेत उभी राहिली
तेव्हा सातवी ब बरोबर वाटीवर होती.